दोनशे रुपये कुठे जमा होतात?

फेब्रुवारीच्या पगारपत्रकात महाराष्ट्रातल्या नोकरदाराचा व्यवसायकर थोडा वाढलेला दिसतो. एरवी दरमहा २०० रुपये कापले जातात, त्या महिन्यात ३००. संविधानाच्या २७६ व्या कलमाने या करावर वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. ती पुरेपूर गाठायची तर अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे असाच हिशेब बसवावा लागतो. अंबरनाथ एमआयडीसीतल्या कारखान्याचा अकाउंटंट ही कपात व्यवसायकर नोंदणीच्या, म्हणजे पीटीआरसी खात्यावर भरतो आणि ती थेट राज्याच्या तिजोरीत जाते. सुरतेच्या पांडेसरा वसाहतीतल्या कामगाराच्या पगारातूनही ठरावीक उत्पन्नाच्या वर दरमहा दोनशेच कापले जातात, पण ते जमा होतात सुरत महानगरपालिकेकडे. कर तोच, रक्कमही जवळपास तीच, फक्त खाते वेगळे. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या आर्थिक धोरणांची तुलना करायला कोणी बसले की दरांचे तक्ते मांडले जातात आणि करारांच्या कोटींचे आकडे फेकले जातात. माझे म्हणणे असे की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग शहरांच्या नजरेतून पाहिले, तर खरा फरक या खात्याच्या जागेत आहे. ज्या गावात माणूस राबतो त्या गावाच्या पालिकेला त्या राबण्यातून काही मिळते की नाही, यावर तिथला उद्योग टिकणार की उठणार हे पुष्कळसे ठरते.

नेहमीची तुलना कशी चालते ते आधी पाहू. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार असे जाहीर झाले आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. दीड लाख कोटींहून मोठ्या गुंतवणुकीचा तो आकडा महिनोन्महिने सभांमधून घुमत राहिला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने अंग काढून घेतले आणि तो प्रकल्प ना इकडे उभा राहिला ना तिकडे. वादाचा धुरळा बसला, पण सवय बसली नाही. राज्य पुढे की मागे हे अजूनही पळवलेल्या प्रकल्पांवरून मोजले जाते. या दोन राज्यांची तुलना तर विशेष सावधपणे करायला हवी, कारण १ मे १९६० पर्यंत ती एकाच मुंबई राज्यात होती आणि वेगळी होताना त्यांनी कायदेही वारशाने वाटून घेतले. १९४९ चा दारूबंदी कायदा, १९५८ चा मुद्रांक कायदा, वीजशुल्काचा कायदा, १९५९ चा विक्रीकर कायदा ही सगळी सामायिक मालमत्ता. भावाभावांच्या वाटणीत घर एकच असते, पण पुढे कोण गच्ची बांधतो आणि कोण विहीर उपसतो यावरून दोघांचे नशीब वेगळे होते. इथेही तसेच झाले.

दरांपुरते बोलायचे तर चित्र सरळ नाही. पेट्रोलवर महाराष्ट्र २५ टक्के मूल्यवर्धित कर आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे घेतो, तर गुजरातचा भार अधिभार धरूनही १८ टक्क्यांच्या आसपास राहतो. म्हणूनच अहमदाबाद महामार्गावरचे गाडीवाले टाकी कुठे भरायची ते सीमेकडे पाहून ठरवतात. वीजशुल्कात पारडे उलटे पडते. महाराष्ट्राने २०२० च्या अर्थसंकल्पात उद्योगांवरचे वीजशुल्क ९.३ वरून ७.५ टक्क्यांवर आणले, तर गुजरातेत उच्चदाब औद्योगिक ग्राहकाला वर्षानुवर्षे १५ टक्के शुल्क लागत आले. तरीही महाराष्ट्राची वीज परवडत नाही अशी ओरड उद्योजक करतात, कारण शेतीच्या स्वस्त विजेचा बोजा इथे उद्योगाच्या बिलावर चढतो. गुजरातने ज्योतिग्राम योजनेत २००३ पासून शेतीची वाहिनी गावठाणाच्या वाहिनीपासून वेगळी केली आणि गळती आटोक्यात आणायला सुरुवात केली. दारूबंदीमुळे गुजरात एका भरघोस महसुलावर कायमचे पाणी सोडतो. महाराष्ट्राने मात्र जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क आणखी वाढवले. या यादीतून कोणी कुठलाही निष्कर्ष काढू शकतो आणि लोक तसेच काढतात. शुल्क दुप्पट असूनही जिथे वीज स्वस्त वाटते, तिथे दराचा तक्ता फार थोडे सांगतो.

शिवाय पेट्रोल, मद्य अशा मोजक्या वस्तू सोडल्या तर १ जुलै २०१७ पासून वस्तूंवरच्या कराचा दर ठरवण्याची मोकळीक कोणत्याच राज्याकडे राहिलेली नाही. त्याआधी राज्ये विक्रीकराच्या सवलती देऊन एकमेकांचे कारखाने ओढत असत. ही चढाओढ थांबवण्यासाठी २००० च्या सुरुवातीला किमान दर ठरले, मग मूल्यवर्धित कर आला आणि शेवटी जीएसटी. जीएसटीचा मूळ नियम असा की कर वस्तू जिथे वापरली जाते त्या राज्याला मिळतो, जिथे बनते त्याला नाही. उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधल्या एखाद्या गाळ्यात बनणाऱ्या जीन्सचा प्रवास यासाठी पाहण्यासारखा आहे. डेनिमचे तागे अहमदाबादहून येतात. गाळ्यात कटिंग होते, शिलाईचे काम जॉबवर्कने चार घरांत वाटले जाते, मग धुलाई, धागे कापणे, बटण, इस्त्री आणि पॅकिंग. ही जीन्स ८०० रुपयांना पाटण्याच्या व्यापाऱ्याला गेली तर तिच्यावरचे पाच टक्के म्हणजे ४० रुपये. त्यातले २० केंद्राचे आणि २० बिहारचे. कापड घेताना भरलेला कर वजावटीत वळता होतो, त्यामुळे जिथे ती शिवली गेली त्या महाराष्ट्राच्या वाट्याला या करातून शून्य येते. तीच जीन्स बदलापूर स्टेशनबाहेरच्या दुकानातून कोणी घेतली तर मात्र राज्याचे २० रुपये राज्यातच राहतात.

या हिशेबात तीन शहरांची किंमत उलटीपालटी होते. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार होती, दहा वर्षांपूर्वीच्या मानाने जेमतेम सात टक्के जास्त. कुळगाव-बदलापूर मात्र ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर गेले. सकाळची लोकल पकडून मुंबईला जाणारा आणि रात्री येऊन किराणा, मोबाइल, मिक्सर घेणारा बदलापूरकर राज्याच्या जीएसटीला हातभार लावतो. अंबरनाथचा कारखाना आपला माल परराज्यात पाठवतो तेव्हा तो लावत नाही. कारखान्याकडून राज्याला रोजगार मिळतो, पगाराच्या खर्चातून फिरून कर मिळतो, वीजशुल्क मिळते आणि खात्यावरच्या कामगारामागे ते दोनशे रुपये मिळतात. राज्यांना हे कळते, म्हणून जीएसटीनंतर चढाओढ परताव्याच्या रूपात पुन्हा सुरू झाली. दर कमी करता येत नाही, पण गोळा केलेला राज्य जीएसटी अनुदान म्हणून परत करता येतो. महाराष्ट्राच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत हेच होते. गुजरातने २०२० च्या औद्योगिक धोरणात अनुदान जीएसटीपासून तोडून भांडवली गुंतवणुकीशी जोडले आणि २०२२ च्या आत्मनिर्भर योजनेत परतावा पुन्हा आणला. या शर्यतीत आपली तीन शहरे बसतच नाहीत. १९६४ पासून चालत आलेल्या महाराष्ट्राच्या योजनेचा हेतूच मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातून उद्योग बाहेर नेण्याचा होता. मुंबई महानगर प्रदेश ‘अ’ गटात, म्हणजे विकसित मानलेला. कॅम्प ५ मधला सहा शिलाई मशिनांचा गाळा आणि वांद्रे-कुर्ला संकुलातली काचेची इमारत, दोन्ही या गटवारीत एकाच रांगेत उभी.

मग या शहरांच्या पालिकांना उद्योगातून काय मिळते? या प्रश्नाचे उत्तर जकातीच्या इतिहासात आहे. नगरपालिकांतली जकात महाराष्ट्राने १९९९ मध्ये काढली, महापालिकांत ती राहिली. अंबरनाथ आणि बदलापूर नगरपालिका, उल्हासनगर १९९६ पासून महापालिका. एका रेल्वेमार्गावरच्या, एकमेकांच्या भिंतीला भिंत लागलेल्या गावांमध्ये अशी करसीमा उभी राहिली, जिच्यापुढे तलासरीची राज्यसीमासुद्धा रोजच्या व्यवहारात दूरची वाटावी. महापालिकांच्या हद्दीतून नुसता पुढे जाणारा ट्रकसुद्धा नाक्यावर कागद दाखवून पारगमन पावती घेत असे. गुजरातने महापालिकांची जकात २००७ मध्येच संपवली. आपण २०१० पासून टप्प्याटप्प्याने एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आणला, २०१३ मध्ये व्यापाऱ्यांचा राज्यभर बंद पाहिला, १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा एलबीटी काढला आणि उरलेसुरले सगळे जीएसटीत विरले. व्यापाराच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण बदल्यात महापालिकांना मिळाली ती भरपाई: २०१६-१७ चा महसूल पायाभूत धरून दर वर्षी आठ टक्के वाढ. याचा अर्थ नीट पाहायला हवा. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये लग्नसराईत पाय ठेवायला जागा नसली तरी वाढ आठ टक्के, आणि उद्या अर्धी दुकाने कुलूपबंद झाली तरीही आठच. जकात वाईट होती, नाक्यावरचा भ्रष्टाचार त्याहून वाईट होता. तरी गावात माल जास्त आला की पालिकेला जास्त पैसे मिळतात, एवढा एक धागा तिने जोडलेला होता. भरपाईने तो तोडला. नगरपालिकांच्या बाबतीत तर तो १९९९ मध्येच तुटला होता.

सुरतेत तो दोन ठिकाणी पुन्हा बांधला गेला. पहिला व्यवसायकराचा. गुजरातच्या या कायद्याच्या लांबलचक नावातच पंचायती, नगरपालिका आणि महापालिका आधी येतात आणि राज्य शेवटी. २००८ पासून शहरांतली वसुली पालिकांकडे आहे. नवा कारखाना सुरू झाला, शंभर माणसे खात्यावर लागली, की पालिकेच्या उत्पन्नात दरमहा भर पडते. दुसरा धागा पाण्याचा. सुरत महानगरपालिकेने बमरोली येथे मैलापाण्यावर तिसऱ्या टप्प्यापर्यंत प्रक्रिया करणारा, रोज ४ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प २०१४ मध्ये सुरू केला आणि ते पाणी पांडेसरातल्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांना विकायला घेतले. शहराचे सांडपाणी नदीत जायचे थांबते, कारखान्यांना पाणी मिळते आणि पालिकेला त्याचे बिल मिळते. आता वालधुनीकडे पाहा. काकोळ्याच्या डोंगरातून निघून अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालून ती उल्हासनगरात शिरते आणि कल्याणच्या खाडीला मिळते. २०१४ मध्ये या नदीत टँकरने ओतलेल्या रसायनाच्या वायूने शेकडो रहिवाशांना दवाखाना गाठावा लागला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल पालिकांवर आणि सांडपाणी केंद्रांवर जबर दंड बसवला. मग उल्हासनगरातल्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर टाच आली. नदी वाचवायला ती हवीच होती. पण जीन्सच्या धंद्याचा कणा असलेल्या धुलाईला पर्यायी जागा आणि प्रक्रिया केलेले पाणी देण्याची घाई कोणालाच नव्हती. पालिकेला का असावी? धुलाई चालली तर पालिकेच्या वाट्याला रंगीत पाणी आणि लवादाची नोटीस, बंद पडली तर भरपाईत एक रुपयाही कमी नाही. अशा हिशेबात कोणतीही शहाणी पालिका हात झटकेल.

पहिला आक्षेप असा येईल की सवलतींनी उद्योग हलतात हे उघड आहे, मग पालिकेच्या खात्याचे एवढे काय? सानंदचे उदाहरण लगेच पुढे केले जाते. २००८ मध्ये सिंगूरहून नॅनो तिकडे गेली, पुढे नॅनो बंद झाली, पण मोटारींची वसाहत राहिली. हे मान्यच केले पाहिजे. पण सवलत संपल्यावरही वसाहत टिकली ती जमीन, रस्ते, वीज आणि सुटे भाग बनवणाऱ्यांच्या जाळ्यामुळे. अंबरनाथच्या संदर्भात दहेज अधिक बोलके आहे. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल्सने रसायनांचा पहिला मोठा पाया अंबरनाथला घातला. आज तिचे कारखाने रोह्यात आणि दहेजला आहेत. दहेजला २००४ मध्ये वायूचे टर्मिनल आले, २००९ मध्ये पेट्रोलियम-रसायन गुंतवणूक क्षेत्र अधिसूचित झाले, बंदर आणि सांडपाणी खोल समुद्रात नेणारी वाहिनी आली. चोहोबाजूंनी घरांनी वेढलेल्या अंबरनाथला हे मिळणे शक्य नाही आणि रासायनिक कारखाना दाट वस्तीतून बाहेर जाणे हे काही अपयश नव्हे. प्रश्न एवढाच, की तो गेल्यावर मागे काय उभे राहते. कारखान्याची जमीन पालिकेला रोजगारातून काही देत नसेल आणि बांधकामाच्या परवान्यातून लगेच देत असेल, तर चिमणीच्या जागी टॉवर उभा राहणार हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरा आक्षेप कडवट असतो: गुजरातेत प्रदूषणाकडे डोळेझाक होते म्हणून तिथे धंदा स्वस्त, इथे लवाद आणि स्वयंसेवी संस्था जाग्या आहेत. पहिल्या भागात तथ्य आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांमध्ये अंकलेश्वर ८८.५० गुणांनी पहिले होते आणि वापी ८८.०९ गुणांनी दुसरे. चौथ्या क्रमांकावर आपले चंद्रपूर होते, म्हणजे शरमेत दोघेही भागीदार. पण यातून महाराष्ट्राने ढिलाई करावी असा निष्कर्ष निघत नाही. वापी-अंकलेश्वरची किंमत तिथल्या विहिरींनी मोजली, वालधुनीची किंमत आपण मोजतोच आहोत. सुरतेकडून उचलायचे ते तिचे नाले नव्हे, बमरोलीच्या प्रकल्पामागचा हिशेब उचलायचा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो महाराष्ट्राच्या सद्हेतूवर उभा आहे. इथला व्यवसायकर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळानंतर शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलावा ही कल्पना या राज्याने देशाला दिली आणि तिचा अभिमान वाटायलाच हवा. हे दोनशे रुपये उल्हासनगरला दिले तर बीड-धाराशिवच्या मजुराचे काय? शिवाय मुंबई पट्ट्याचा पैसा याच पट्ट्यात ठेवायचा तर विदर्भ-मराठवाड्याने काय करावे? याला उत्तर दोन पातळ्यांवर आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला, त्यामुळे या कराचा आणि त्या हेतूचा संबंध मूळच्यासारखा घट्ट राहिलेला नाही. दुसरे असे, की पालिकांना वाटा द्यायचा तर तो सर्व पालिकांना द्यायचा. इचलकरंजीच्या यंत्रमागाला, मालेगावच्या मागाला आणि सोलापूरच्या चादरीलाही हेच कोडे पडलेले आहे. संपूर्ण कर सोडायचीही गरज नाही. त्यातला ठरावीक हिस्सा, म्हणजे तिसरा भाग म्हणा, तो जिथून कापला गेला त्या पालिकेला परत दिला तरी धागा जोडला जातो. संविधान याच्या आड येत नाही. २७६ वे कलम राज्याबरोबर नगरपालिकेच्या हितासाठीही हा कर लावू देते.

शेवटचा आक्षेप कुजबुजीत येतो: पालिकांच्या हाती आणखी पैसा म्हणजे ठेकेदारांच्या हाती आणखी पैसा. उल्हासनगरचे नाव काढताच ८५५ बेकायदा इमारती आणि त्या नियमित करण्यासाठीचा २००६ चा खास कायदा आठवतो. हा अविश्वास अनाठायी नाही. तरी विचार करायला हवा, की ही पालिका अशी का घडली. १९४७ नंतर लष्करी छावणीच्या बराकीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी १९४९ मध्ये नाव मिळालेल्या या वसाहतीत हाताला लागेल तो धंदा उभा केला, ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ ही थट्टा सहन केली आणि बाजार फुलवले. पण पायाखालच्या जमिनीची सनद आजही कितीतरी जणांच्या हाती नाही. सनद नाही म्हणून बँकेचे तारण नाही, तारण नाही म्हणून कर्ज नाही, म्हणून यंत्र जुने आणि मजला बेकायदा. ही गाठ सोडवायची तर प्रांत कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत कोणाला तरी त्यात हित दिसले पाहिजे. ज्या पालिकेचे उत्पन्न कायदेशीर गाळ्यांच्या आणि खात्यावरच्या कामगारांच्या संख्येशी बांधलेले असेल, तिला सनदेसाठी पाठपुरावा करण्याचे कारण मिळेल. तिजोरी राज्याच्या हाती ठेवली म्हणून पालिका प्रामाणिक झाल्याचे तर दिसलेले नाही.

म्हणून शेजाऱ्याशी तुलना करताना महाराष्ट्राने तीन नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. व्यवसायकराचा एक हिस्सा तो जिथे कापला जातो त्या पालिकेला द्यावा, नगरपालिकांसह. महापालिकांच्या भरपाईतली आठ टक्क्यांची सरसकट वाढ पुढच्या फेरआखणीत अंशतः स्थानिक रोजगाराशी जोडावी. आणि ‘अ’ गटातल्या लहान गाळ्यांना परताव्याची लालूच दाखवण्याऐवजी प्रक्रिया केलेल्या पाण्याची, सामायिक धुलाई केंद्राची आणि सनदेची सोय करावी. यातले काहीही कराचा दर एका पैशाने कमी करत नाही. जकात नाके परत यायला नकोत आणि पालिकांनी आपापसात दरांची लढाई लढायलाही नको. दर राज्याचाच राहील, फक्त पावती गावाच्या नावाने फाटेल. मग पुढच्या फेब्रुवारीत अंबरनाथच्या अकाउंटंटने तीनशे रुपये भरले, की त्यातले शंभर नगरपालिकेच्या खात्यावर दिसतील. त्या महिन्यात खात्यावर किती माणसे होती आणि मागच्या वर्षी किती होती, हे पाहण्याची गरज पालिकेला पहिल्यांदाच वाटेल.